मी पोरीला भरतीला पाठवलं

मी भित्री बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हंजे पुढं कुणाला वाटायला नको की बाई उगंच तिखटमीठ लावून सांगून राह्यली. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. तिथं बराबर प्रमाण भाषा बोलले. आता रिटायर झाले, आता घरात बोलते तशीच लिहिणार. शाळेत मी कुणाला घाबरले न्हाई, ना तपासणीला येणाऱ्या साहेबांना, ना भांडायला येणाऱ्या पालकांना. पण पाण्याला घाबरते. गुडघ्याच्या वर पाणी म्हटलं की मी काठावरूनच मागं फिरते.

आमच्या घरात कुणालाच पोहता येत न्हाई. आमच्या गावात, टेंभुर्णीत, पोहायला शिकायचं ते विहिरीत, आणि माझ्या लहानपणी विहिरी दुसऱ्यांच्या होत्या. माझी आई घागर खाली ठेवून उभी राहायची आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचं, ते पण त्यांचं मन झालं तर. जिथं दोराला हात लावू देत न्हाईत तिथं उडी कोण मारू देईल? पुढं आमच्या वस्तीला विहीर झाली, हातपंप आला, नळ आले, नळाला पाणी न्हाई म्हणून टँकर आले. तवर माझं पोहायचं वय निघून गेल्तं. मंग मला पोरगी झाली, एकच, तर तिला मी विहिरीच्या काठालासुद्धा जाऊ दिलं न्हाई. भीती मी तिला दुधासोबतच पाजली म्हणा ना.

अशा पोरीला नोकरी लागली कुठं? तर समुद्रावर.

ती झाडाझुडपांचं शिकली, एम.एस्सी. केलं. दोन वर्षं जालन्यात मस्तगडला खोली घेऊन परीक्षांचा अभ्यास केला, आणि शेवटी कोकणातल्या एका खाडीवर कंत्राटी काम मिळालं. काम काय, तर चिखलात झाडं लावायची. कांदळवन म्हणतात त्याला. खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडं. मी म्हटलं, अगं, आपल्याकडं गोड्या पाण्यावाचून मोसंबीच्या बागा वाळून चालल्यात, आणि तुमची ती झाडं खारं पाणी पिऊन जगतात? ती म्हणाली, "जगतात मम्मी, आणि गावालापण जगवतात."

मी तिच्याकडून वचन घेतलं. रोजच्या कामाचा चिखल ठीक आहे, पण त्याच्यापेक्षा जास्त पाण्याशी संबंध येणार असला तर आधी मला फोन करून विचारायचं. सव्वीस वर्षांच्या पोरीकडून असलं वचन कुणी घेतं का? मी घेतलं. तिनं पण दिलं. तिच्या पप्पांनी, म्हंजे आमच्या ह्यांनी, फक्त चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. ते एसटीत ड्रायव्हर होते. घाटातून गाडी काढल्यासारखं जपून बोलतात. सगळं गाव मला बाई म्हणतं म्हणून तेही बाईच म्हणतात.

उन्हाळ्यात ती सुट्टीवर आली तेव्हा मी तिला घोळात घेतलं की तिकडं वादळं येतात, लाटा येतात, सोड ते. तर ती उठली, स्वयंपाकघरातून परात आणली, कणीक मळली आणि परातीच्या मधोमध कणकेचा पट्टा थापला. मंग अंगणातला खराटा आणून त्याच्या काड्या मोडून त्या पट्ट्यात दाटीवाटीनं रोवल्या. माझी कणीक वाया चालली म्हणून मी ओरडले. ती म्हणाली, "ही मुळं. आता बघ." एका बाजूनं तांब्यानं पाणी ओतलं. पाणी धावत आलं, काड्यांत शिरलं आणि तिथंच मंदावलं. पलीकडं गेलं, पण हळू, एखादा पाहुणा चपला काढून घरात यावा तसं. तिनं पलीकडं ठेवलेली आगपेटी जागची हलली न्हाई.

"लाटेचा जोर असा खातात ही झाडं," ती म्हणाली. आणि मंग सुटलीच. मुळांच्या जाळ्यात गाळ अडकतो, किनारा खचत न्हाई. त्या मुळांत कोळंबी, खेकडे, माशांची पिल्लं वाढतात, ती खायला पाखरं येतात. हवेतला कार्बन त्या चिखलात वर्षानुवर्षं दाबून राहतो. भिंत बांधली तर भिंत एक दिवस पडते, आणि तिच्यात कुणी अंडी घालत न्हाई, असं म्हणाली. पोरगी बोलून राह्यली होती आणि मी तिच्या तोंडाकडं बघत होते. शाळेत एखादं पोरगं असं उत्तर द्यायचं तेव्हा मी त्याला फळ्यापाशी बोलवून घ्यायचे.

पण मला खोडी. मी विचारलं, "मंग तुझ्या गावाला भीती न्हाई?" मंग तिनं मधल्या चार-पाच काड्या उपटल्या आणि परत पाणी ओतलं. पाणी बराबर त्या खिंडीतून घुसलं आणि आगपेटी पार परातीच्या कडेला जाऊन आपटली. "एका ठिकाणी अशी खिंड हाय," ती म्हणाली. "कुणीतरी कोळंबीच्या तळ्यांसाठी झाडं तोडली, मंग तळीपण सोडून गेले. तिथंच आम्ही नवीन लावून राह्यलो. मोठी व्हायला वेळ लागतो." मी कणीक गोळा केली आणि गाईच्या घमेल्यात टाकली.

आता मुख्य गोष्ट सांगते. आमच्या घरात, आमच्या घरातच काय, अख्ख्या जाफराबाद तालुक्यात, भरती म्हटलं की एकच अर्थ. पोलीस भरती, शिक्षक भरती, तलाठी भरती. सकाळी रस्त्यानं पोरं धावत जातात, त्यांना विचारा कामून धावून राह्यले, तर म्हणतील भरती हाय. आमची पोरगी कंत्राटी, त्यामुळं तिच्या खात्यात कायमची भरती निघायची वाट आम्ही दोघं डोळ्यांत तेल घालून बघत होतो. मागं एकदा जागा निघाल्या तेव्हा तिला ताप आल्ता, ती गेलीच न्हाई. त्याचं मला लई लागलं होतं. फोनवर दर आठ दिवसाला मी विचारायचे, "भरतीचं काही कळलं का?"

आणि आता माझी लाज सांगते. समुद्राची भरती मला माहीत न्हाई असं न्हाई. मी स्वतः शिकवलीय. फळ्यावर पृथ्वी काढायची, चंद्र काढायचा, पाण्याचा फुगवटा काढायचा. भरती-ओहोटी. कितीतरी वर्गांकडून घोकून घेतलं. पण शाळेत ते दोन शब्द कायम जोडीनं यायचे, बैलजोडीसारखे. एकटी भरती समुद्रावरून येऊ शकते हे माझ्या डोक्यात कधी आलंच न्हाई.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. संध्याकाळी पाच-साडेपाचला पोरीचा फोन आला. मळणीयंत्र जवळच चालू होतं, धडाधड आवाज, आणि तिच्याकडं पण वारा. मी कानात बोट घालून ऐकत होते.

ती म्हणाली, "मम्मी, उद्या मोठी भरती हाय. सर म्हणाले, ज्यांना यायचं त्यांनी या, सक्ती न्हाई. जाऊ का नको?"

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी म्हटलं, "ही काय विचारायची गोष्ट हाय का? जा. बिलकुल चुकवू नको. मागच्या वेळी गेली न्हाईस, काय झालं बघितलंस ना? सकाळी सगळ्यात आधी जा. मागं मागं राहू नको, पुढं उभी राह."

मंग म्हणाली, "खरं म्हणतीस? तुला भीती न्हाई वाटत?"

"त्यात भ्यायचं काय? लोकांच्या पोरी जातात, तू कामून न्हाई?" मी पुढं कागदपत्रं बराबर घेऊन जा असं सांगणार होते, तेवढ्यात फोन कटला. तेवढं एक वाक्य पोचलं असतं तरी पोरगी हसली असती आणि सगळं जागेवर आलं असतं. मी परत लावला, लागला न्हाई. म्हटलं, असू दे, हुशार आहे, नेईल कागद. रात्री मी शेवयाची खीर केली आणि गाढ झोपले. ते मी स्वतःला अजून माफ करू शकले न्हाई.

सकाळी आठ-साडेआठला चहा घेत टीव्ही लावला. खालून अक्षरांची पट्टी सरकत होती. मला लांबून वाचायची सवय, फळा वाचत वाचत गेलेला जन्म. त्या पट्टीत आलं, कोकण किनारपट्टीला आज मोठी भरती. मी ह्यांना म्हटलं, "बघा, टीव्हीवरपण आलं. म्हंजे जागा लई निघाल्या असतील."

ह्यांनी चष्मा लावला. पट्टी पुढं सरकली. वादळ समुद्रातून जाणार. अमावास्येचं उधाण आणि वारा एकाच वेळी. दुपारी बाराच्या सुमाराला पाणी सर्वात जास्त चढणार. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. खाडीकाठच्या लोकांनी घरं सोडावीत.

हे माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "बाई, कशाची भरती म्हणाल्ती ती?"

काळजात धस्स झालं म्हणतात ना, ते मला तेव्हा कळलं, आधी मी ते नुसतं वाक्यात उपयोग करा म्हणून शिकवत होते. हातातली कपबशी खाली ठेवायची सुधरेना. मी काय म्हणाले होते? सगळ्यात आधी जा. पुढं उभी राह. जिला मी विहिरीपाशी जाऊ दिलं न्हाई, तिला माझ्या तोंडानं समुद्राच्या पुढं उभं केलं.

फोन लावला. बंद. परत लावला. बंद. वीस वेळा, पंचवीस वेळा, फोनमधली ती बाई एकच वाक्य बोलत होती. मंग तिच्या घरमालकिणीचा नंबर आठवला. कोळीण बाई, वयानं माझ्याएवढीच. पहिल्यांदाच लागला. मागं वाऱ्याचा असा आवाज होता की कुणीतरी पत्र्यावर काठी घासून राह्यलंय.

"तुमची पोर सकालीच गेली बांधावर," ती म्हणाली. "तुम्हीच जा बोललात ना तिला? लय खूश होती पोर. 'माझी आई जा बोलली,' असं बोलली."

"तिला परत बोलवा," मी ओरडले. "तिला पोहता येत न्हाई." पण फोन तवर तुटला होता, आणि मंग तोही बंद.

आमच्याकडं बांध म्हंजे शेताची हद्द. बांधावर बसून आम्ही भाकरी खातो. फुटला तर दोन पाट्या माती टाकली की झालं. पण पोरीनं मला सांगितलं होतं, तिकडं बांध म्हंजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गाव. आणि ती त्याच्यावर उभी होती.

हे उठले, आत गेले आणि प्रवासाची बॅग घेऊन आले. त्यांनी आयुष्यभर गाड्या चालवल्या, रस्ता त्यांना तोंडपाठ. मनातल्या मनात तास मोजले आणि बॅग तशीच खाटेवर ठेवली. "पोचू तवर उद्याची सकाळ होईल बाई," म्हणाले. मंग ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. एक ढग न्हाई, पान हालत न्हाई. शेजारीण विचारायला आली, पोरगी भरतीला पोचली का म्हणून. आदल्या दिवशी मीच तिला हौसेनं सांगितलं होतं. मी हो म्हटलं आणि दार लोटून घेतलं.

दहा वाजले, अकरा वाजले. कुणी हसेल, पण मी काय केलं सांगते. परात घेतली, कणीक मळली, पट्टा थापला, खराट्याच्या काड्या रोवल्या. घाईत काड्या वाकड्यातिकड्या बसल्या. मला फक्त एकदा बघायचं होतं की पाणी थांबतं. मधली खिंड मी मुद्दाम ठेवली न्हाई, सगळीकडं गच्च काड्या लावल्या. पाणी ओतलं तर थांबलं, आणि पोरगी म्हणाल्ती तसंच हळू गेलं. पण मला मनातून माहीत होतं की मी खोटं करून राह्यले. तिचं काम खिंडीतच होतं. पुढं उभी राह म्हटल्यावर ती दुसरीकडं उभी राहणारच न्हाई, आमची पोरगी आज्ञाधारक. मंग मी चार काड्या उपटल्या, तांब्या भरून घेतला, आणि ओतायची हिंमत झाली न्हाई. तांब्या हातात धरून तशीच फरशीवर बसून राहिले.

बारा वाजले तेव्हा मी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोपुढं जाऊन उभी राहिले. नवससायास आमच्यात न्हाई, मागायचं कुणापाशी? मी नुसती उभी होते. मनात एकच चाललं होतं, की ती वाचली न्हाई तर लोक म्हणतील वादळानं नेली, आणि फक्त मला आणि ह्यांना ठाऊक असेल कुणी पाठवली ते.

एक वाजला, दोन वाजले. ह्यांनी आत येऊन भाकरी वाढून माझ्यापुढं ठेवली, तशीच उचलून नेली. एकदा म्हणाले, "तू चुकून बोललीस." मी म्हटलं, "चुकून बोलले म्हणून पाणी मागं फिरतं का?" माझा राग निघायचा तर त्यांच्यावरच निघतो, चाळीस वर्षांची रीत आहे.

चार वाजून गेल्यावर फोन वाजला. अनोळखी नंबर. मी उचलला आणि कानाशी घट्ट दाबून धरला.

"मम्मी," ती म्हणाली. घसा बसलेला. "मी हाय. बराबर हाय."

मी रडले, तिला रडून घ्यायला वेळ दिलाच न्हाई. हे जवळ आले, फोनला कान लावून उभे राहिले. ती शाळेत होती, सगळं गाव शाळेत होतं. मंग थोडं थोडं करून तिनं सांगितलं. जिथं कांदळवन दाट होतं तिथं पाणी आलं, पण जोर मोडून आलं. अंगणात घोट्याएवढं. होड्या त्या झाडांच्या आत खाडीत बांधल्या होत्या, त्यातली एकपण गेली न्हाई. खिंडीपाशी मात्र बांध फुटला. तिथली सात घरं गेली. त्यांनी लावलेली रोपं जवळजवळ सगळी गेली. माणसं सकाळीच काढली होती म्हणून माणूस गेला न्हाई.

"एक आजी निघंनाच," ती म्हणाली. "सगळे थकले सांगून. पाणी बांधाला लागलं होतं. मंग मी तिच्या दारात बसले. म्हटलं, आजी, मला पोहता येत न्हाई. मी जालन्याची हाय, आमच्याकडं पाणीच न्हाई. तुम्ही उठल्याशिवाय मी पण उठत न्हाई. तर म्हातारी माझ्यावर चिडली, मला शिव्या देत देत उठली आणि माझाच हात धरून मला शाळेपर्यंत घेऊन आली."

ती हसली. मला हसू आलं न्हाई. मी म्हटलं, "अगं, तू गेलीच कशाला?"

मंग ती म्हणाली, "खरं सांगू? मला जायचं न्हवतं. लई भीती वाटत होती. काल मी तुला फोन केला तो तू नको म्हणशील म्हणून केल्ता. तू न्हाई म्हटलं की मी सरांना सांगणार होते, मम्मी न्हाई म्हणते. वाऱ्यात अर्धं ऐकू आलं न्हाई, पण तू जा म्हणालीस. पुढं उभी राह म्हणालीस. जन्मात पहिल्यांदा. मंग मी म्हटलं, मम्मीला भीती वाटत न्हाई तर मला कामून?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. तेव्हाच खरं सांगून टाकायला पाहिजे होतं. सांगायला तोंड उघडलं, आणि म्हणाले, "जेवलीस का?"

तिला मी अजून सांगितलेलं न्हाई. आता हे लिहिलं म्हंजे ती वाचेल, वाचू दे. तोंडानं मला सांगता येत न्हाई.

दोन महिन्यांनी, कापूस वेचणीच्या दिवसांत, तिचा परत फोन आला. बांध बांधून झाला होता. खिंडीत नवीन रोपं लावायला घेतली होती. अमावास्या दुसऱ्या दिवशी, पाणी चढायच्या आधी रोपांना काठ्यांचा आधार द्यायचा होता, कमरेएवढ्या पाण्यात उतरून. ती म्हणाली, "मम्मी, उद्या भरती हाय. जाऊ का?"

मी विचारलं, "पाणी किती वाजता चढतं?" ती म्हणाली, "पावणेबाराला." मी विचारलं, "सोबत कोण हाय?" ती म्हणाली, "गावातल्या बाया हायेत, सगळ्या पोहणाऱ्या." मी विचारलं, "कमरेला दोरी बांधतात का?" ती म्हणाली, "तू सांगितलंस तर बांधते." ती वाट बघत होती. या वेळी मला बराबर माहीत होतं मी तिला कुठं पाठवून राह्यले.

मी जा म्हणाले. मंग फोन बंद करायला ह्यांना बोलवावं लागलं.